डोळे उघडायचं काम

मेलेल्या माणसांचे डोळे उघडायचं काम मी एक वर्ष केलं. एका गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत. वडिलांनी मला तेवढीच मुदत दिली होती.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. गडबजवळ आमची भातशेती. वडिलांना सही करता येत होती, आईला तीही येत नव्हती. पण मी पुस्तक घेऊन बसलो की माझ्या वाटणीची लावणी दोघं मिळून उरकायची. त्या उपकारांची जाणीव ठेवूनच मी पुढचं लिहितो आहे, कारण पदवी हातात आल्यावर मी त्यांना सांगितलं ते असं, की मला नोकरी नको, मला ब्रशवर जगायचं आहे.

ब्रश मला पेणमध्ये मिळाला होता. कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत मी रामवाडीच्या एका गणपतीच्या कारखान्यात जायचो. तिथले म्हातारे मूर्तिकार, सगळे त्यांना आबा म्हणायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला फक्त मूर्ती घासायला लावल्या. चौथ्या वर्षी माझ्या हातात झिरो नंबरचा ब्रश दिला आणि आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम सगळ्यात शेवटी होतं. डोळे होईपर्यंत कारखान्यात चेष्टामस्करी चालायची, विड्या ओढल्या जायच्या, मूर्तीच्या मांडीवर कोणी चहाचा कपसुद्धा ठेवायचा. एकदा आखणी झाली की त्या मूर्तीसमोर कोणी आवाज चढवायचा नाही. आबांचा आणखी एक नियम होता. एक डोळा काढून उठायचं नाही. तहान लागो, विंचू चावो, दुसरा डोळा झाल्याशिवाय उठायचं नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"एका डोळ्यानं बघत बसतो तो," आबा म्हणाले. "आणि मग दुसरा काढायला हात धजत नाय."

वडिलांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न साधा होता. "गणपती असतात तवर ठीक. गणपती बुडले की काय करशील?" मामांनी रोह्याजवळच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. शेवटी वडील म्हणाले, "पुढच्या गणपतीपर्यंत बघ. नाय जमलं तर गुपचूप शिफ्टला जायचं." मी हो म्हणालो.

रोह्याला एका फोटो स्टुडिओत टचिंग करणारा माणूस हवा होता. मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी माझा हात बघितला, म्हणजे खरोखर हात पालथा करून बघितला, आणि म्हणाले, "थरथरत नाही. ये उद्यापासून." निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे वण घालवायचे, लग्नाच्या फोटोतल्या नवरीच्या साडीला हिरवा रंग द्यायचा, अशी कामं मला वाटली होती. तीही होतीच. पण स्टुडिओ चालायचा तो दुसऱ्याच कामावर.

त्या काळी खेड्यातली पुष्कळ माणसं एकही फोटो न काढता मरायची. मग मयताच्या सकाळी कोणीतरी सायकल मारत स्टुडिओत यायचं, की चला, म्हाताऱ्याचा फोटो काढायचा आहे. भाऊ कॅमेरा घेऊन निघायचे. मयताला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्यावर धुतलेली टोपी, मागे चादर धरलेली. परत येऊन भाऊ तो फोटो मोठा करायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांवर मी पाण्याच्या रंगांनी उघडे डोळे काढायचे. बाराव्याच्या आत.

माझं पहिलं काम एका आजोबांचं होतं. मी मन लावून केलं आणि चुकलो. माझ्या हाताला एकच डोळा येत होता, गणपतीचा. लांबट, जरासा झुकलेला, समोर कुठेही बसलं तरी आपल्याकडेच बघणारा. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा फोटो बगलेत मारून आला.

"भाऊ, आमचा बाबा सगळीकडं बघतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे, दाराच्या वर टांगलाय तर वटीवर बघतोय, पडवीत बघतोय, चुलीकडं पण बघतोय. बायको म्हणते मी काय जन्मभर उभ्यानं जेवू? आणि शेजारची म्हातारी आली ती पाया पडून गेली. मेल्यानं जन्मभर दारू प्याली, त्याच्या पाया पडून गेली!"

भाऊ खोखो हसले. तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "अरे, गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा देव करशील काय? डोळे मनानं काढायचे नसतात. घरात विचार, मयताचे डोळे कोणावर गेलेत. एखादा मुलगा, एखादी नात असतेच. त्याला समोर बसव आणि त्याचे काढ."

मी तसं केलं. आजोबांचा तोच मुलगा खिडकीजवळ बसला. फोटो मी उतरत्या फळीवर लावला होता. तो फोटोकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. दोन तासांत आजोबा जागे झाले. मुलगा एकदम उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि बाहेर गेला.

मग मात्र कामाची रांग लागली. नदीच्या दोन्ही काठांवरची गावं यायला लागली. "रोह्याचा तो डोळेवाला" असं लोक म्हणू लागले. मी भाऊंच्या माळ्यावर राहायचो, हाताने भात शिजवायचो आणि स्वतःला चित्रकार समजायचो. घरी गेलो की वडील कंपनीचा विषय काढायचे नाहीत. आई तर देवापुढे म्हणायची की पोराच्या हातात तू आहेस. तिला मी काम कसलं करतो ते नीट सांगितलं नव्हतं.

होळीच्या आसपास एक मुलगी आली. अठरा-एकोणीसची असेल. तिची आई गेली होती, आणि आईचे डोळे तिच्यावर गेले होते, यात घरात कोणाचंही दुमत नव्हतं. ती खिडकीजवळ बसली. इतर लोक चुळबूळ करायचे, रडायचे, उठून पाणी प्यायचे. ती हलली नाही. फोटोतल्या आईकडे एकटक बघत राहिली. दुसरा डोळा होत आला तेव्हा मला वाटलं की खोलीत मी सोडून दोन माणसं बसली आहेत आणि दोघी एकमेकींना बघताहेत. मी ब्रश ठेवला. ती म्हणाली, "झाले?"

"झाले."

"मग आता मी कुठं बघू?"

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम ते आहे. भाऊंनीही पाठ थोपटली.

आषाढ लागला होता, गणपतीला दोनेक महिने उरले होते, तेव्हा ती परत आली. बरोबर आत्या होती. फोटो आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

"माझे डोळे काढून घ्या," ती म्हणाली.

भाऊंनी खुर्ची पुढे केली. "बस. काय झालं ते सांग."

ती बसली नाही. "बाबा माझ्याकडं बघत नायत. जेवायला वाढलं की मान खाली घालतात. दिवसभर फोटोसमोर बसतात आणि हळूहळू बोलणं बंद झालंय. परवा म्हणाले, ती माझ्याकडं कशी बघते बघ. आणि तू पण तशीच बघतेस."

"कुंकू लावायला आरसा घेते तर पोरगी घाबरते," आत्या म्हणाली. "आरशात बघूनशान म्हणते, ही मी नाय. आता मी काय करू गो, तिला म्हटलं, कुंकू मी लावते, तू डोळे मीट."

भाऊंनी दोघींना चहा पाजला, दोनचार दिवसांनी बघू म्हणाले, आणि त्या गेल्यावर मला आत बोलावलं.

"हात लावायचा नाही. घरातलं दुःख आहे, उतरेल. आपण डोळे पुसले तर गावभर होईल की जिवंत माणसाचे डोळे मयताला दिले की असं होतं. उद्या कोण बसेल तुझ्यासमोर? आणि कोणी बसलं नाही तर तू काय करणार आहेस? तूच सांगितलंस ना मुदतीचं?"

त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी मला काम दिलं होतं, छप्पर दिलं होतं. पण त्या मुलीने लुगड्यात गुंडाळून आणलेला तो फोटो माझ्या माळ्यावर होता, आणि तो उलगडून बघायला मी धजत नव्हतो.

सोमवारी स्टुडिओ बंद असायचा. मी फोटो घेतला, एसटी पकडली आणि पेणला आबांकडे गेलो. कारखाना ऐन भरात होता. फळ्यांवर, जमिनीवर, जिन्यावरसुद्धा गणपती. रंगवलेले, पण आखणी न झालेले. शेकडो गुळगुळीत पांढरे डोळे. इतकी वर्षं त्या गर्दीत मी वावरलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथून मान खाली घालून जावंसं वाटलं.

आबांनी फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघितला. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यावर टाकला.

"हिला इथं उघडी ठेवू नको," ते म्हणाले. "माझे गणपती अजून आंधळे आहेत."

"आबा, चुकलं काय? डोळे तर हुबेहूब आहेत. मुलीचेच आहेत."

"मुलीचेच आहेत. पण ती पोर बसली होती तेव्हा बघत कुठं होती?"

"फोटोकडे."

"कोणाच्या?"

मी पंच्याचं टोक उचलून ते डोळे पुन्हा बघितले.

ती तिच्या मेलेल्या आईकडे बघत होती. आणि ती नजर मी जशीच्या तशी आईच्या डोळ्यांत उतरवली होती. तिरडीशी बसलेलं माणूस ज्या नजरेने बघतं, त्या नजरेने ती बाई आता भिंतीवरून नवऱ्याकडे बघत होती. रोज, दिवसभर. तो माणूस जेवत होता, श्वास घेत होता, आणि त्याची बायको त्याला मयतासारखं बघत होती. त्याने बोलणं बंद केलं यात नवल काय?

परतीच्या गाडीत दुसरी गोष्ट लक्षात आली. नागोठणं गेलं आणि मी बोटांवर मोजायला लागलो. त्या पहिल्या आजोबांपासून सगळ्यांना मी तसंच बसवलं होतं. प्रत्येक मुलगा, प्रत्येक नात, फोटोसमोर. वीसेक घरं होती. वीसेक घरांत, ओटीवर, देवघराशेजारी, माझे लोक भिंतीवरून खाली बघत होते आणि त्यांना खाली चालतीफिरती मयतं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगून मी फोटो, ब्रश आणि रंग घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. भाऊ म्हणाले, "जाणार असशील तर स्टुडिओचं नाव घेऊ नकोस." दुपारची वेळ होती. नदी ओलांडून शेताच्या बांधाने गेलो. घरात मुलीचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर फोटोच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन राहिला होता आणि ते त्या चौकोनाकडे बघत होते.

मी ओळख सांगितली. त्यांनी मान हलवली.

"बाबा, काकी कशा बघायच्या?" मी विचारलं.

"कशा म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्याकडे बघायच्या तेव्हा कशा दिसायच्या?"

"माझ्याकडं कवा बघितलं तिनं? कामातून मान वर असायची कवा? तांदूळ निवडत बोलायची, भाकरी थापत बोलायची. मी पण कधी म्हटलं नाय, की बघ गो जरा इकडं."

मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडून तांब्याभर पाणी, वाटी आणि कापूस मागून घेतला. फोटो चौकटीतून काढला, ओला कापूस फिरवला. रंग सुटायला लागला. आधी डावा डोळा गेला. मी हात थांबवला नाही, कारण एका डोळ्याने फोटोतली बाई आमच्याकडे बघत होती. मग उजवा गेला. खाली तिचे स्वतःचे डोळे होते, भाऊंच्या कॅमेऱ्याने टिपलेले, मिटलेले.

कागद वाळू दिला. मग मी एवढंच केलं, पापण्यांची कड थोडी गडद केली आणि त्याखाली केसाएवढी उजेडाची रेघ ठेवली. दोन्ही डोळ्यांखाली, एका बैठकीत. बस्स. डोळे मिटलेले राहिले नाहीत आणि उघडलेही नाहीत. ती खाली बघत होती, आपल्या हातांकडे.

वडील गुडघ्यांवर सरकत जवळ आले.

"हां," ते म्हणाले. "तांदूळ निवडतेय." आणि मग वर बघून मुलीला म्हणाले, "चहा ठेव गो मास्तरांना."

ती हलली नाही. वाटीतल्या पाण्याकडे बघत होती. पाणी तपकिरी झालं होतं.

"हे कुठं टाकू?" तिने मला विचारलं.

मोरीत टाकायला कोणाचं मन होईना. शेवटी मुलगी वाटी दोन्ही हातांत धरून मागच्या दाराने गेली आणि शेवग्याच्या मुळाशी ओतून आली. येताना तिने दाराजवळच्या खुंटीवरचा आरसा उतरवला, त्यात पाहिलं, पदराने पुसला, पुन्हा पाहिलं. चहा गोड झाला होता, फार गोड. तेवढंच मला नीट आठवतं.

पुढे भाऊ म्हणाले होते तसंच झालं. गावभर झालं, तालुकाभर झालं. फोटोसमोर बसायला कोणी तयार होईना. बाकीच्या घरांत मी आपण होऊन जात राहिलो. काहींनी डोळे पुसून घेतले. काहींनी दारातूनच हाकललं. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे. जिता होता तवा पण तो माझ्याकडं असाच बघायचा." आणि तो पहिला, टोपी हातात घेऊन बाहेर गेलेला मुलगा म्हणाला, "मेल्यानं मेल्यासारखंच बघायचं. तुम्ही काय काळजी करू नका."

गणपतीच्या चार दिवस आधी भाऊंनी मला मोकळं केलं. वाईट वाटत होतं त्यांना. एक जुनी पेन्सिल भेट दिली, अजून माझ्याकडे आहे.

मुदत संपली होती. मी घरी आलो, आरती झाली, आणि ओटीवर बसून मी वडिलांना सगळं सांगितलं. मयतांचं, मुलीचं, वाटीचं. आई आतून ऐकत होती. तिने मध्येच दार लोटून घेतलं. वडील म्हणाले, "म्हणजे नाय जमलं."

"नाही जमलं. सांगा मामांना, मी येतो."

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "जायच्या आधी माझा काढ. मेल्यावर कशाला, हाय तवर काढ की."

मी कागद घेतला. वडील भिंतीला टेकून बसले आणि गोंधळले. "बघू कुठं?"

मला अचानक भीती वाटली. मी म्हणालो, "शेताकडे बघा."

ते शेताकडे बघायला लागले, पण दर मिनिटाला त्यांची नजर परत माझ्याकडे यायची, मी काय करतो ते बघायला. शेवटी मी तीच काढली. जरा शंकेखोर, जरा हसरी. चित्र झाल्यावर वडिलांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारी म्हणाला, "आयला, हा तर आता बोलंल. माझा पण काढ रे."

कंपनीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी गडबमधल्या, मग आजूबाजूच्या गावांतल्या जित्या माणसांची चित्रं काढू लागलो. ओटीवर बसून, त्यांना शेंगा सोलायला लावून, भांडायला लावून. एकदा ब्रश हातात राहिला म्हटल्यावर बाकीचं हळूहळू येत गेलं. दुकानांच्या पाट्या, शाळांचे तक्ते, पेणच्या एका छापखान्याची मुखपृष्ठं. त्यात वाईट वर्षंही गेली. पण दर श्रावणात मी आबांकडे आखणीला बसायचो, ते गेले त्या वर्षापर्यंत. त्यांच्या घरच्यांनी आबांचं चित्र काढायला मला बोलावलं तेव्हा मी गेलो, त्यांच्या पायाशी बसलो, आणि मिटलेलेच डोळे काढून दिले. वडिलांचं चित्र माझ्या घरात आहे. त्याला हार घालताना मला कधी भीती वाटली नाही.

गेल्या वर्षी रोह्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात कोणीतरी चित्रकार म्हणून माझी ओळख करून दिली आणि एका बाईने मला जेवणानंतर घरी नेलं, चहाला. घर नवीन होतं, स्लॅबचं. आत गेलो आणि ओळखलं. दाराच्या वर आजोबा होते. पहिले. त्यांच्या शेजारी आता त्यांच्या मुलाचा रंगीत फोटो होता, टोपी घातलेला, हसणारा, हार घातलेला. दोघांचे डोळे एकच होते. मुलगा कॅमेऱ्याकडे बघत होता. आजोबा तसेच बघत होते.

"आमचे आजेसासरे," बाई म्हणाली. "तुम्हीच काढलेत ना? सासरे सांगायचे."

"मी पुसून देतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे." पण कप बशीत ठेवताना वाजला, तेव्हा माझ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं, आणि माझंही.

"राहू दे हो काका," ती म्हणाली. "आम्हाला सवय झालीय."

ती बिस्किटं आणायला आत गेली. समोर कोणीच नव्हतं म्हणून मी वर बघितलं. पूर्वी ती नजर मला परकी वाटायची, कुठल्यातरी दुसऱ्यासाठी असलेली. या वेळी तशी वाटली नाही. मी खुर्ची थोडी डावीकडे सरकवून बसलो. आजोबांनीही नजर सरकवली.